शून्य रेषेवरचं विवर

३ मार्च
ज्या खड्ड्यात कुणी कधी पाय ठेवणार नाही, त्याला नाव कशाला? — आईने जेवताना विचारलं. घरातली पहिली पदवी माझी, नोकरी चंद्रावरच्या विवरांचे नकाशे करायची, आणि आईचा प्रश्न हा! आत्याने वर मीठ चोळलं : "नावं ठेवायचा पगार मिळतो होय? आम्ही जन्मभर फुकट ठेवली की गं." बाबांना हसता हसता ठसका लागला.

४ मार्च
ऑफिसात आमच्या नकाशा विभागाच्या मॅडमना आईचा प्रश्न सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हौस म्हणून नाव देतच नाहीत. त्या जागेविषयी बोलायची गरज पडली तरच. आमचा चंद्र म्हणजे पृथ्वीचा नव्हे, दूरच्या एका ग्रहाचा; एवढासा, बटाट्यासारखा वेडावाकडा. दगड आदळून आदळून नुसती विवरं, पण नाव मोजक्यांनाच. तेही मनाला येईल ते नाही — या चंद्राचा विषय ठरलेला आहे, लोककथांमधले नावाडी. जिवंत माणसाचं नाव तर कुठल्याच चंद्रावर चालत नाही. किती शहाणा नियम! भलेभले ताटकळत बाहेर.

९ मार्च
मॅडमच्या नकाशाची शून्य रेषा माझ्या विवरातून जाणार! फोटो तपासताना ते मलाच दिसलं होतं — लहान, गोल, काठ स्वच्छ. त्या चंद्रावरची सगळी अंतरं तिथून मोजायची, म्हणजे नाव हवंच. "तूच सुचव," म्हणाल्या. नावं मंजूर करणाऱ्या समितीकडे अर्ज माझ्या सहीने गेला. कोणता नावाडी, ते इथेही लिहीत नाही. दृष्ट नको लागायला.

महिनाअखेरीस मॅडम निवृत्त होतील. हा नकाशा म्हणजे त्यांचं उभं आयुष्य. शंका आली की एकच काठ पुन्हा पुन्हा मोजतील, पण स्वतःच्या दारावर पाटी लावायचं सुचत नाही. असं काम मला जमेल का कधी?

१० मार्च
बाबांनी बसडेपोत सगळ्यांना सांगून टाकलंय. ड्रायव्हर मंडळी मला खड्डेवाली म्हणतात. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं आधी बघ म्हणावं तिला, असा निरोपही आला.

१७ मार्च
त्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाकडून नवे फोटो आले. या वेळी ऊन उलट्या बाजूने. बाकीची विवरं जागच्या जागी, सावली तेवढी दुसऱ्या काठाला गेलेली. माझं नाहीच. तिथे साधा उतार आहे. आधीच्या फोटोत दोन कंगोऱ्यांच्या सावल्या जुळून गोल दिसत होतं.

जुना फोटो शेजारी लावून पुन्हा पाहिलं. पलीकडे मॅडम मान खाली घालून नकाशाची शेवटची तपासणी करत होत्या. तो छापायला गेला की त्या मोकळ्या. रेषा हलली तर सगळे आकडे नव्याने, आणि ते काम त्यांच्या हातून पुरं होणार नाही.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो हळूच म्हणाला, "एवढ्याशा चंद्रावर कोण बघायला जातंय? त्यांना सुखाने जाऊ दे."

मला पटलं. मॅडमवरच्या मायेपोटी पटलं — त्याचीच भीती वाटतेय. उद्या एखादं यान उतरवताना कुणीतरी याच रेषेवरून मोजेल.

१८ मार्च
अर्ज मागे घेतला. कारण लिहिलं — तिथे विवर नाही. मॅडम यायच्या आत पाठवूनही दिलं. आधी विचारलं असतं, तर गप्प बसण्याचा मोह त्यांच्या वाट्याला आला असता.