विलंबाचे कारण

बाई,

शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवरचा तुमचा फळा गेल्या महिन्यात काढला. कुणी काढला ते कळलं नाही. त्या जागी चार खिळ्यांची भोकं आणि भिंतीच्या रंगापेक्षा फिकट असा एक चौकोन उरला होता. आठवडाभरात त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. मी विरोध केला नाही. तुम्ही गेल्यापासून त्या फळ्यावर कुणी काही लिहीत नव्हतं, आणि जी वस्तू वापरात नाही ती काढावी असं माझंही मत आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं फळ्याच्या दुःखातून आलंय असा तुमचा समज होणार नाही.

सातवीतली एक सकाळ. वर्गात माझं अक्षर सगळ्यात चांगलं, म्हणून तुम्ही खडू माझ्या हातात देता आणि पेपरातली पाण्याची सूचना पुढे धरता. मी ती शब्दन् शब्द उतरवते: ‘मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे पूर्व भागातील पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक एक दिवस पुढे ढकलण्यात येत आहे.’ ओळी सरळ, समास सारखा, एकही चूक नाही. तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन आमच्या समोरच्या अक्का येतात. अक्कांच्या घरी तेलुगू. मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे टॉवेल विणायचे चार लूम. तुम्ही मला म्हणता, वाचून दाखव. मी खणखणीत वाचते. तुम्ही अक्कांना विचारता, ‘काय कळलं?’

‘पोरगी लई छान वाचली की.’

‘ते झालं. पाणी कधी येणार?’

अक्का माझ्याकडे बघतात, मी फळ्याकडे. तुम्ही ओल्या फडक्यानं सगळा फळा पुसता आणि लिहिता, ‘उद्या पाणी नाही. परवा सकाळी येईल.’ मी विचारलं होतं, त्यात चूक काय होती? तुम्ही म्हणालात, ‘चूक काहीच नव्हती. कुणासाठी लिहिलंस तेवढं सांग.’ मला तुमचा राग आला. तो बरीच वर्षं टिकला.

तुम्ही भूगोल शिकवायचात, पण तुमचा खरा भूगोल शाळेबाहेरचा. महिन्यातून एकदा डबा घेऊन पालिकेच्या सर्वसाधारण सभेला जायचात आणि प्रेक्षकांच्या बाकावर शेवटपर्यंत बसायचात. संध्याकाळी मी शिकवणीला आले की तुम्ही स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगा भाजत असायचात आणि सभेची कागदं माझ्यापुढे टाकायचात. ‘तीन तास एकमेकांना बोलले आणि शेवटच्या चार मिनिटांत सगळे विषय मंजूर. आता यातलं आपल्या गल्लीचं कुठलं ते शोध.’ मी शोधायची. सापडलं की तुम्ही विचारायचात, कुणाच्या दारात, कधीपर्यंत, आणि बोलायचं कुणाशी. या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय फळ्यावर काही जायचं नाही. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला भेट म्हणून डस्टर दिलंत. ‘खडू कुणीही देईल,’ म्हणालात. मला कॅलक्युलेटर हवा होता.

आता मी एका सर्व्हेअरच्या कार्यालयात नकाशे काढते. अचूक काढते. आमच्या भागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही मीच चालवते, नाव ‘परिसर माहिती’. मधली काही वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासकाच्या सहीनं कारभार चालला, तेव्हा लोकांना काहीच कळेना म्हणून मी तो सुरू केला. नियम माझे: शुभ सकाळ नको, वाढदिवस नको, विषयाला सोडून प्रश्न नको. पहिले दोन कुणी पाळत नाही. एखादा निर्णय टाकावा आणि पाच मिनिटांत त्याच्यावर गुलाबाची फुलं येऊन पडावीत, हे मी रोज बघते. चीड येते. ज्यांच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी बसून पन्नास पानांची इतिवृत्तं वाचते, त्यांना दोन ओळी वाचवत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाची सूचना निघाली. पेपरात आली, पालिकेच्या कार्यालयात भिंतीवर लागली. नियमाप्रमाणे जे जे करायचं ते झालं. हरकतीला तीस दिवस. मी त्याच दिवशी ग्रुपवर पूर्ण सूचना टाकली, सिटी सर्व्हे नंबरांसह, आणि सोबत मी स्वतः काढलेला नकाशा. रस्त्याची नवी हद्द लाल रेघेनं दाखवली होती. त्या रेघेत आमच्या घराचा ओटा जातो, आणि अक्कांच्या शेडचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे चारातले दोन लूम. त्या दिवशी ग्रुपवर फुलं आली नाहीत. चाळीसेक अंगठे आले, हात जोडलेले आले, ‘अभिनंदन’ आणि ‘धन्यवाद ताई’ आले. मला विचित्र वाटलं. पण लोकांनी वाचलं, एवढं समाधान करून घेतलं आणि माझी हरकत टाइप करून, मोजमापं जोडून, दुसऱ्याच आठवड्यात दिली.

मुदत संपल्यावर चौकशीला गेले. टेबलावरचे क्लार्क ओळखीचे आहेत.

‘किती हरकती आल्या?’

‘दोन. त्यातली एक तुमचीच हाय की, ताई.’

‘एवढ्या घरांतून दोनच?’

‘लोकांना चालतंय म्हणून आले न्हाईत. आम्ही काय घरोघर जाऊन रडा म्हणायचं का?’

मी तशीच अक्कांच्या शेडमध्ये गेले. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्या बाहेर आल्या. म्हटलं, अक्का, हरकत का नाही दिली? त्यांनी विचारलं, कसली? मी फोनवर नकाशा काढून दाखवला.

‘हे व्हय. हे बघितलं की मी. सुनेनं दाखवली. पाण्याची लाईन हाय ना ही?’

मी बोटांनी नकाशा मोठा केला.

‘लाल रेघ आमच्या शेडवरनंच गेलीय. म्हटलं चला, नळ दारातच आला. गल्लीत सगळ्यांना मीच सांगितले.’

बाई, जिथे चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथे नकाशावरची रेघ दुसरी कसली असणार? माझ्या नकाशात चूक काहीच नव्हती. सूचनेतही नव्हती. गल्लीत स्वतःचा सर्व्हे नंबर कुणाला पाठ नाही. घरं ओळखतात ती गिरणीच्या पलीकडचं, मशिदीच्या बोळातलं, अक्कांच्या समोरचं अशी. रस्ता वाढणार हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी शेडकडे बघितलं, मग पायानं जमिनीवर एक रेघ मारून विचारलं, ‘इथपर्यंत?’ मी म्हटलं, अजून आत. त्यांनी पाय दोनदा आत सरकवला. मग म्हणाल्या, ‘ऑफिसवाल्यांनी एक माणूस पाठवला असता तर काय झालं असतं गं? तू तर टाकलीस बिचारी. मी सुनेला विचारायला पण लावले होते, पाणी कधीपासून म्हणून. तू कामात असशील.’

मी कामात नव्हते. तो प्रश्न मी बघितला होता. ‘अक्का विचारायलेत, पाणी कधीपासून येणार?’ मुदतीला अजून वीस दिवस होते. विषयाला सोडून आहे म्हणून मी उत्तर दिलं नाही. लोक कधीच नीट वाचत नाहीत, असं मनात म्हटलं आणि फोन ठेवला.

क्लार्क म्हणाले, उशिराची हरकत द्या, कारण लिहा, साहेब बघतील. सोमवारपर्यंत. म्हणून आज दुपारी मी अक्कांचा अर्ज छापून नेला. अर्जात एक रकाना आहे: विलंबाचे कारण. मी लिहिलं, ‘अर्जदारास सूचनेचा अर्थ समजला नाही.’ सहीआधी अर्ज वाचून दाखवला आणि तुमच्यासारखंच विचारलं, काय कळलं?

अक्कांनी जरा विचार केला. ‘शेड तोडू नका, दोन लूमवर घर चालत न्हाई. आणि उशीर झाला, कारण मला अडाणीला कळलं न्हाई. असंच लिहिलीस ना?’

मी हो म्हटलं. त्यांनी तेलुगूत सही केली, चार अक्षरं, फार सावकाश.

तो सही केलेला कागद माझ्यासमोर आहे. त्या रकान्यात खरं तर हे असायला हवं: अर्जदाराने मुदतीत विचारणा केली होती, माहिती देणाऱ्या व्यक्तीने उत्तर दिले नाही. एवढं लिहिलं तर अर्जाला जोरही येईल, आणि तो मेसेज पुरावा म्हणून जोडता येईल. ओळ बदलायला एक मिनिट लागतं. पण मग अर्ज पुन्हा छापावा लागेल, पुन्हा अक्कांची सही घ्यावी लागेल, आणि सहीआधी पुन्हा वाचून दाखवून विचारावं लागेल, काय कळलं.

तेवढं करायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसले.