आठ महिन्यांची भाकरी

देवपूर, धुळे

प्रिय दिपा,

काल फोनवर तुझ्याशी गोड बोलले, पण फोनवर मी सगळ्यांशीच गोड बोलते, ती माझी जुनी खोड. खरं लिहायला कागदच बरा. मोनाली आतल्या खोलीत झोपली आहे. पोट अजून फुगलेलंच आहे, पण सकाळी थोडा ताक-भात गेला. आता उरलेलं सांगते, आणि सुरुवात तुला आवडणार नाही अशा गोष्टीने करते. मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही. गेल्या जूनमध्ये पोरीला कॉलेजसाठी मेहरूणला तुझ्याकडे ठेवलं, त्यानंतर महिनाभरात सुरू झाला.

अठरा वर्षं मी तिला खाऊ घातलं. तुपात बुडवलेली बट्टी, साजूक तुपाची पोळी, दर सणाला खापरावरचे मांडे. अंगाला काही लागलं नाही. गाल बसलेले, नखं पांढरी, रक्त कायम कमी. लोहाच्या गोळ्यांच्या बाटल्यांनी माझं कपाट भरलं होतं. आणि तुझ्याकडे गेली, तर दिवाळीपर्यंत चार किलो वाढली. तू काय वेगळं केलंस? काहीच नाही. तुला पोळ्या लाटायचा कंटाळा, म्हणून दोन्ही वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. लहानपणी आईने तुला पोळपाटाशी कधी बसवलं नाही, भाकरी थापायला लावलं, हे तुझ्या पथ्यावर पडेल असं कोणाला वाटलं होतं. मोनालीचा फोटो पाहून शेजारच्या शेवंताबाई म्हणाल्या, "तुनी पोर मावशीकडे सुधरी गई वं माय." मी हसले, आणि घरात येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली. शिवाय एखाद्या रविवारी पोरगी उभ्याउभ्या घरी आली, तरी तोंडात मावशी असं करते, मावशी तसं करते. तुझा निळा कुर्ता घालून माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहायची.

रक्त अजून कमीच होतं म्हणून फेब्रुवारीत इथल्या डॉक्टरांना दाखवलं ते तुला माहीत आहे. त्यांना सिलिअ‍ॅकचा संशय आला. त्यांनी समजावून सांगितलं की काहींच्या शरीराचं गव्हाशी भांडण असतं, आणि त्या भांडणात तयार होणाऱ्या अँटीबॉडीज रक्तात सापडतात. रक्त द्यायचं, रिपोर्ट पाहायचा, एवढंच. रिपोर्ट स्वच्छ आला. मी तुला लगेच फोन करून सांगितलं की गव्हाचं काही नाही, तिला खुशाल पोळी दे. तू हो म्हणालीस आणि पुन्हा भाकरीच थापत राहिलीस, हेही मला कळलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, देवानेच तुला आळशी केलं.

मग वैशाखात आखाजीचा सण आला. लेक सणाला राहायला आल्यावर तिच्या ताटात भाकरी कोण वाढतं, तूच सांग. आपल्याकडे भाकरी रोजची, साधी. सणाला घरी आलेल्या पोरीला ती वाढली तर बायका नावं ठेवतील. मी मांडे केले, सांजोऱ्या केल्या, दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मांडे. ती नको म्हणाली की मी म्हणायचे, मावशीचं बरं जातं, आईचं का जात नाही. तिने माझं मन राखायला खाल्लं. पाचव्या दिवशी ती उठू शकेना. रिक्षात तिचा हात हातात घेतला तर थेट गेल्या वर्षीचा हात, तसाच काटकुळा आणि गार.

डॉक्टरांनी पुन्हा खाण्याचं विचारलं. या वेळी मोनालीनेच उत्तर दिलं, की मावशीकडे गेल्यापासून ती गहू खातच नाही. डॉक्टरांनी जुना कागद काढला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाई, फेब्रुवारीत तुम्ही रोज दोन वेळा पोळी सांगितलीत. गहूच पोटात नसेल तर अँटीबॉडीज उतरतात, तो रिपोर्ट धरता येणार नाही.

हो, मीच सांगितलं होतं. तेव्हा मोनाली वजन करायला आत गेली होती. त्यांनी मला विचारलं, रोज गहू खाते ना? मला आठ महिन्यांची भाकरी माहीत होती. पण पोरगी जेवते दुसरीकडे, आणि तिथेच सुधरते, हे परक्या माणसासमोर तोंडातून निघेना. मी म्हटलं, हो, दोन्ही वेळा माझ्या हातची पोळी खाते. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मला आनंद झाला तो तिला रोग नाही म्हणून थोडा, आणि माझ्या पोळीत दोष नाही म्हणून जास्त. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

घरी आल्यावर मोनाली एवढंच म्हणाली, मावशीला मी सांगणार नाही, तूच सांग. म्हणून हे पत्र. आणि एक मागणं आहे. पोट जरा शांत झालं की तिला सहा आठवडे रोज गहू द्यायचा आणि मग पुन्हा रक्त तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते फोनवर बोललेच. तू काल म्हणालीस, तिला इकडे पाठव, मी करते पोळ्या. पाठवणार नाही. तिला त्रास होणार हे माहीत असून रोज ताटात पोळी वाढायची आहे, आणि ते मी करीन. कॉलेज उघडायच्या आत रक्त देऊन होईल, मग ती तुझ्याकडे येईल. तुझ्या हातचं खाऊन ती एकदाही आजारी पडलेली नाही, दिपा. ते तसंच राहू दे.

तुझीच,
अक्का