उंच केलेली दारं

३ एप्रिल
पोचले बाई एकदाची! अख्खा हिवाळा माहेरी काढला. लग्नात या घरातल्या प्रत्येक दाराला माझं कपाळ आपटलं होतं, म्हणून तंडुपने सगळ्या चौकटी वर उचलून घेतल्यात. नवरा असावा तर असा! आमा, माझ्या सासूबाई, येईल त्याला सांगतायत की सुनेच्या डोक्यापायी पोराचं डोकं फिरलं. आता मुडदा उठला तर त्याला अडवणार कोण, म्हणे. स्पितीत म्हणतात, मुडद्याला वाकता येत नाही, म्हणून दारं ठेंगणीच ठेवतात. ठेंगणं दार उरलंय ते फक्त तळातल्या मेंढवाड्याचं.

पोटुशी म्हणून कौतुक चाललंय. सासऱ्यांनी सुकलेलं जर्दाळू चावून, मऊ करून, बोटाने माझ्या तोंडात घातलं. शी! नातवालाही असंच भरवणार म्हणाले. मी हसून गिळलं आणि मागे जाऊन थुंकले.

७ एप्रिल
तंडुप सामान आणायला काझाला गेला आणि पाठोपाठ बर्फ. ऐन चैत्रात! माहेरी जर्दाळू फुललं असेल, इथे खिडकी बुडाली. आमा सारख्या छपरावरचा बर्फ ओढतात, नाहीतर छप्पर बसेल.

९ एप्रिल
सासरे गेले. बुखारीच्या शेगडीपाशी मांडी घालून जर्दाळू चघळता चघळता. अंग आखडायच्या आत मुडदा ताठ निजवायचा असतो. आमांनी खांदे धरले, मला गुडघे दाबायला सांगितलं. दाबले. काहीतरी कटकन वाजलं आणि त्यांच्या तोंडातला चावलेला घास लाळेसकट माझ्या मनगटावर पडला.

मी ओकले. पुन्हा हात लावणार नाही म्हणाले, नाहीच लावला. एकट्या आमांना जमलं नाही. संध्याकाळपर्यंत ते बसल्या बसल्याच लाकूड झाले.

आमा एवढंच म्हणाल्या, "देकित, तुझी किळस महागात पडायची."

११ एप्रिल
लामा येऊन शुभ दिवस सांगेपर्यंत जाळता येत नाही. तोवर त्यांना ताटही वाढायचं. एकच उबदार खोली, त्यात ते, त्यात आम्ही. गोडूस, आंबूस वास माझ्या केसांत, चहात, सत्तूतसुद्धा. राखणीला मी होते. मुडदा एकटा सोडायचा नाही, मेलेलं अंग म्हणजे रिकामं घर, त्यात कोणीही शिरतं म्हणतात. पण वास सोसेना, आणि मी बाहेर पळाले. जरा वेळच.

परत आले तर त्यांच्या ताटातली वाटी रिकामी. उंदीर असेल.

१२ एप्रिल
उंदीर नाही. त्यांचा जबडा हलतो. दाढीवरून पिवळी लाळ —
आमांनी पाहिलं. माझा हात धरून खाली ओढलं.

१३ एप्रिल
मेंढवाड्यात. लेंड्यांत बसलोय. फटीतून उजेड येतो तेवढ्यात लिहितेय. बर्फ थांबलाय, तंडुप निघाला असेल. त्याच्या बाळाला तेवढं जपायचं.

आमा म्हणतात, "भिऊ नकोस गं. हे दार ठेंगणं आहे, त्याला वाकता येत नाही."

जिन्यावर आवाज. पावलं नाहीत. घासत — थांबत — घासत —

आमा माझ्याकडे बघतायत.

वाकायचं कशाला. बसलेलाच तर —

मेंढ्या भिंतीला चिकटल्या. तो वास. ठेंगण्या दारातल्या उजेडात मांडी घातलेले गुडघे. आणि चघळल्याचा — ओला —

बोट पुढे केलंय. बोटावर काहीतरी चावलेलं. तोंडाशी नाही, माझ्या पोटाशी —