एका तोंडची साक्ष

३ जानेवारी

पोचले एकदाची! काचकारखान्याचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा. राहायला अतिथिगृहातली कोपऱ्यातली खोली, खिडकीपाशी टेबल, आणि चहा मागावा तेव्हा. आणखी काय हवं? ताईला फोन करून भरपूर जळवलं. इथलं सगळं मावशी बघतात. एकदा बोलायला लागल्या की थांबत नाहीत, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्यांचे वडील भट्टीवर कामाला होते, सगळे त्यांना भट्टीकाका म्हणतात. परवा त्यांना घेऊन येणार आहेत.

५ जानेवारी

भट्टीकाकांनी दिवसभर डोकं खाल्लं, पण काय गोड माणूस! तरुणपणी भट्टी फुटली, तेव्हा एका सोबत्याने त्यांना आगीतून ओढून बाहेर काढलं आणि तो स्वतः आतच राहिला. त्याला सगळे शीळवाला म्हणत. काकांच्या दंडावर भाजल्याची खूण आहे, बरोबर पाच बोटांची. सांगताना रडले बिचारे. मलाही भरून आलं. संध्याकाळी ताईला फोन लावून त्यांच्याशी बोलायला दिलं, तर दोघांच्या अर्धा तास गप्पा!

७ जानेवारी

शीळवाल्याचा कुठल्याच कागदात पत्ता नाही. त्याला पाहिलेलं काकांशिवाय कोणी उरलेलं नाही. माझा नियम पक्का आहे: एकाच तोंडचं असेल तर ते ऐकीव, दुसऱ्यानेही सांगितलं तरच इतिहास. खोडला. काका हिरमुसले. मी सांगतोय ना, मग खोटं कसं, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. मी समजूत काढली, खोटं नाही हो काका, फक्त पुस्तकात येणार नाही. प्रकरण छापायलाही गेलं. माझा उरक बघून व्यवस्थापकांची स्वारी एकदम खूश!

११ जानेवारी

छापलेली पानं आली. काकांना दाखवू म्हटलं, बोलवा त्यांना. मावशी चहा ओतता ओतता थांबल्या. त्यांचे वडील भट्टी फुटली त्यात गेले म्हणे, मावशी पोटात असताना. बाहेर काढायला कोणी नव्हतं.

मी हसले. मग स्वयंपाकघरातला फोटो दाखवला त्यांनी. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. डोळे काकांचेच.

अहो, याच खुर्चीत बसले होते त्या दिवशी, असं मी म्हणाले. मावशी रडायला लागल्या. म्हणाल्या, मी वडील पाहिले नाहीत, माझी अशी थट्टा करू नकोस. अख्खं आयुष्य वडिलांच्या सोबतीत काढलेली ही बाई. काय करून बसले मी हे?

१२ जानेवारी

व्यवस्थापकांकडे गेले. प्रस्तावना लिहून नेली होती: मी स्वतः भट्टीकाकांना भेटले, शीळवाल्याने त्यांना वाचवलं. छापा, हात जोडते. त्यांनी शांतपणे विचारलं, हे आणखी कोण सांगतं? तुमचाच नियम ना, बाई?

कोणीच नाही. मी एकटी.

त्यांनी पूर्ण प्रस्तावना खोडली. वर माझं नाव होतं, तेही. माझ्यासमोर छापायला पाठवली पानं.

पण ताई आहे! ती काकांशी बोललीय. ती सांगेल. फोन लागत नाहीये—

१४ जानेवारी

छापून आलं.

माझ्या खोलीला कुलूप. मावशींनी विचारलं, कोण हवंय आपल्याला? ही खोली वर्षभर रिकामी आहे म्हणे. आपल्याला! मला अहोजाहो—

ताईने फोन उचलला. आवाज तिचाच. मी म्हटलं, अगं मी. ती म्हणाली, मी कोण?

लहानपणी जिन्यावरून पडलीस तेव्हा धावत जाऊन आईला कोणी आणलं, सांग. मीच ना?

म्हणाली, घरात ती एकुलती एक मुलगी. वेळेवर कोणी आलं नाही. म्हणून पाय अधू राहिला.

ताईचा पाय? ताई जिने धावत चढते. चढायची—

तारीख?

जिन्याखाली बसलेय. माणसं समोरून जातात. कोणी बघत नाही.

मी आहे, हे सांगणारी मी एकटी. एकच तोंड.

तुम्ही वाचताय ना हे? कोणीही असा. कोणाला तरी सांगा. मोठ्याने सांगा, की मी होते, काका होते, तो शीळवाला— तुम्ही सांगितलंत की दुसरं तों—