शेवटच्या तुकड्यावर जोर

५ ऑक्टोबर २००३, मढ

परत पचका! जुन्नरच्या लॉजवर आरती मॅडमनी चार फ्रेंच क्रियापदं म्हणायला लावली — चारही चुकली. मॅडम पुण्याहून फ्रेंच पाहुणे लेणी बघायला आणतात. सोबत इथला एक माणूस हवाय. १९ तारखेला शेवटची चाचणी. मॅडमचं एकच — 'संपत, आधी शब्दाचे तुकडे करा. मग जोर शेवटच्या तुकड्यावर!' पार-ले, म्हणजे बोलणे. माझा जोर 'पार'वरच आपटतो. दहावीलाही असंच झालं. नाही जमलं तर परत मंचरला बटाट्याच्या गोण्या.

८ ऑक्टोबर

र-गार-दे — पाहणे. दोनदा म्हटलं आणि धरणावर बगळे बघत बसलो. दिवस गेला.

११ ऑक्टोबर

वीस शब्द, वीस चुका. माझ्यात काहीच नाही बहुतेक.

सांजच्याला ओढ्यापलीकडच्या उतारावरून आईची रोजची हाक — गवताचा भारा उचलायला ये. रोजच्यासारखाच उशिरा गेलो. शेजारचे धर्माजीकाका ओट्यावरून — 'काय रं, दिसभर भूत उतरवतुयास का?' आई म्हणाली, 'शिकू द्या वो त्याला. हे तरी लागू द्या हाताला.' त्यानं जास्तच वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर

सापडलं!! आईनं हाक मारली — सं-प-ताऽऽ! सगळा जोर शेवटच्या तुकड्यावर! ओढ्यापलीकडून आवाज पोचवायचा तर हाक दुसरी कशी मारणार? त्याच चालीत म्हटलं — ए-कु-तेऽ. ऐकणे. जमलं! परत हाक आली. वहीत उतरवली, शेवटाखाली रेघ. परत आली. परत रेघ. आज लई हाका मारतेय. भारा थांबेल थोडा. एवढं पान होऊ दे.

१५ ऑक्टोबर, मंचर, दवाखाना

आई भाऱ्यासाठी नव्हती हाकारत. बांधावरून घसरून दगडांत पडली होती. मांडीचं हाड मोडलंय. रुपालीला कामावरून येताना वाटेत ती दिसली. माझी धाकटी बहीण, पण नजर वर करवेना तिच्यापुढे. 'दादा, घरीच व्हतास ना? ऐकू नाय आलं?'

१९ ऑक्टोबर

चाचणी. गेलो नाही.

२० ऑक्टोबर

आईचा घसा अजून बसलेला. रुपालीला कुजबुजत सांगत होती — 'त्याला बोलू नगंस. म्या हाकच न्हाई मारली. अभ्यास चालला व्हता त्याचा.'

वहीत अकरा आहेत.