गवत कापण्याचे चौतीस नियम

२ सप्टेंबर, सोमवार
नोकरीला पाच महिने झाले. पद: सेफ्टी असिस्टंट, प्रोबेशनवर. १४ ऑक्टोबरला हेड ऑफिसहून ऑडिटर येणार. त्यांच्या रिपोर्टवर मी कायम होणार की घरी जाणार ते ठरेल, असं एचआरचे रितेश सर म्हणाले. मुरबाडच्या आमच्या कंपनीत आतली मशीन्स आपोआप चालतात. माणसाने हाताने चालवायचं धोक्याचं यंत्र एकच, लॉनवरचं गवत कापायचं पेट्रोल मशीन. माझं भवितव्य तिथेच आहे. निश्चय: शून्य अपघात.

३ सप्टेंबर
पाहणी केली. माळी नामाकाका मशीन चपला घालून चालवतात. हँडलचा लिव्हर सुटला की मशीन बंद पडतं, अशी छान सोय आहे. काकांनी लिव्हर सुतळीने बांधून ठेवलाय. विचारलं तर म्हणाले, "हात दुखतो गो बाय. सारखा कोन दाबून धरील?" मशीनच्या मागोमाग शेजारच्या गावच्या हौसामावशी, कापलेलं गवत आपल्या म्हशींसाठी गोणीत भरत. फिरत्या पात्यापासून हातभरावर! मी सुतळी कापली. काकांनी खिशातून दुसरी काढली. तीही कापली.
घरी येऊन अकरा नियम लिहिले. शाळेत जायच्या आधी बाबांनी घरीच शिकवलेला पहिला धडा: कागदावर नसेल ते झालेलं नसतं.

५ सप्टेंबर
ट्रेनिंग घेतलं. उपस्थिती दोन. बूट, चष्मा. मशीन थंड असतानाच पेट्रोल भरायचं. ओलं गवत कापायचं नाही. आधी दगड वेचायचे. पंधरा मीटरच्या आत कोणी नको. मावशींनी विचारलं, पंधरा मीटर म्हणजे किती? मी पावलं मोजत निघाले आणि गेटबाहेर रस्त्यावर पोचले. उरलेलं ट्रेनिंग तिथून ओरडून पूर्ण केलं. दोघंही हसत होती. वातावरण खेळीमेळीचं होतं, म्हणजे विषय पोचला.

१२ सप्टेंबर
गणपती, गौरी. काका आठवडाभर सुट्टीवर. अपघात शून्य. पद्धत लागू पडतेय.

१९ सप्टेंबर, गुरुवार
परवानगीचा फॉर्म सुरू केला. रोज चार सह्या: काका, मी, शिफ्ट इंजिनिअर, रितेश सर. गवत अकरापर्यंत ओलं असतं. मग जेवणाची सुट्टी. इंजिनिअर मीटिंगमध्ये. चौथी सही अडीचला मिळाली. तोवर दगड मीच वेचले. काकांवर विश्वास नाही असं नव्हे, पण एखादा राहिला तर? त्रेसष्ट निघाले. पुन्हा मोजले तर चौसष्ट. तो एक कुठून आला, या काळजीत घरी जाताना बसचा स्टॉप चुकला. मशीन एकूण नऊ मिनिटं चाललं, मग पाऊस आला. पण ती नऊ मिनिटं निर्दोष होती.

२५ सप्टेंबर
रोज सह्या पूर्ण होतात तेव्हाच नेमका पाऊस येतो. हा दोष हवामानाचा. फॉर्मचा नाही.
नियम तेहतीस झाले. लॅमिनेट करून काकांना दिले. त्यांनी आणखी एक प्रत मागून घेतली. घरच्यांनाही वाचायला हवी असणार.

२७ सप्टेंबर
हौसामावशींकडून कळलं की काकांच्या शेळ्यांचं छप्पर गळत होतं, तिथे दोन्ही प्रती बरोबर बसल्या. म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहतील.

३ ऑक्टोबर
गवत गुडघ्याच्या वर गेलंय. वॉचमन भगीरथने त्यात साप पाहिला. रितेश सरांनी विचारलं, ही कंपनी आहे की अभयारण्य? मी अभ्यास केला. इतक्या उंच गवतात पातं अडकतं, आणि अडकलेलं काढताना बोटं जातात. म्हणून नियम चौतीस: गवत घोट्याच्या वर गेलं असल्यास मशीन वापरू नये.
आता मशीन वापरताच येत नाही. अपघाताची शक्यताच संपली. सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

११ ऑक्टोबर
खंडेनवमी. काकांनी मशीन धुऊन हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. उदबत्ती पेट्रोलच्या टाकीपासून दोन बोटांवर! मी ती उचलून पंधरा मीटरवर खोचली. काका म्हणाले, "देवाला वास तरी जाईल का तिथनं?"

१३ ऑक्टोबर, रविवार
उद्या ऑडिट. राहवेना म्हणून कंपनीत गेले. हौसामावशी आणि त्यांच्या गावच्या चार बाया ओणव्याने विळे चालवत होत्या. दोन तासांत सगळं लॉन साफ. रितेश सरांनीच बोलावलं होतं, गवत तुम्हीच न्या या बोलीवर. एकीच्याही पायात बूट नव्हते. माझे नियम पुन्हा वाचले. त्यांत विळा हा शब्द कुठेच नाही, तेव्हा हा माझा विभाग नाही. तरी पाठ करून उभी राहिले. मी पाहिलं, असं व्हायला नको.

१४ ऑक्टोबर
ऑडिटर अनिता मॅडम. तासभर फाइल वाचली. इतकी व्यवस्थित फाइल पाहिली नाही म्हणाल्या! मग म्हणाल्या, चालवून दाखवा. चार सह्या झाल्या. काकांनी बूट घातले, चष्मा लावला, दोरी ओढली. एकोणीस वेळा ओढली. मशीन चालू झालं नाही. मॅडमनी विचारलं, हे शेवटचं कधी चाललं? फाइलमध्ये होतं: १९ सप्टेंबर, नऊ मिनिटं. मग लॉन कोणी कापलं? मी बोलायच्या आत काका मदतीला धावले. "हौसानं. इळ्यानं. सुतळी बी नाय लागली."
मॅडम बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. एवढं लिहितात म्हणजे चांगलंच असणार.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
रिपोर्ट आला. अपघात शून्य. तसं स्पष्ट लिहिलंय. खाली शिफारस: मशीनची गरज दिसत नाही, विकून टाकावं. गवताचं काम विळेवाल्या महिलांना द्यावं. मशीनच राहणार नसल्याने सेफ्टी असिस्टंटचं पद भरू नये. रितेश सरांनी हे फार हळू आवाजात सांगितलं, पाणी दिलं. धोका मुळातूनच काढून टाकणं ही सुरक्षिततेची सर्वांत वरची पायरी, असं माझ्याच ट्रेनिंगच्या कागदात आहे. त्या पायरीपर्यंत फारच थोडे लोक पोचतात.
गेटवर हौसामावशी भेटल्या. सगळं कळलं होतं त्यांना. म्हणाल्या, "इळा तुला नाय जमायचा. पेंढ्या बांधशील? सोमवारी ये."
विचार करून लेखी कळवते, असं मी सांगितलं.
"लिवू नको गो बाय," म्हणाल्या. "नुसती ये."