खिंडीतली गुरगुर

लूमिस क्रीक, वायोमिंग
१२ मे २०१६

ती. डेल्बर्टदादास,
धाकट्या आर्डिथचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घशाच्या ऑपरेशनची जखम भरली हे वाचून जीव भांड्यात पडला. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मात्र तू कपाटात टाकून दिलंस, म्हणे त्यातून ट्रॅक्टर बोलल्यासारखा आवाज येतो. अरे, जन्मभर ट्रॅक्टरांची गाऱ्हाणी ऐकलीस, आता एखाद्या ट्रॅक्टरनं तुझं ऐकलं तर काय बिघडलं? पण तू कुणाचं ऐकणार! फोनवर मी एकटीनं बडबडायचं आणि तू पलीकडून टिचकी मारायची, हे मला जमत नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

शनिवारी वासरांना डाग दिले. शेजारचे सगळे घोडे घेऊन उजाडताच हजर. मी गोमांस भाजलं होतं, राजमा होता, रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाई होती. हाडं तेवढी उरली. कोल्टर दिवसभर दोर फेकत होता. पाठमोरा उभा राहिला की थेट त्याचा बाप दिसतो, ग्लेनच. मी तेवढ्यापुरती आत जाऊन भांडी घासली.

आता कामाचं. आपल्या पिकअपचा टर्बो गेला. कोल्टर सांगत होता की त्यात सरकती पाती असतात, ती काजळीनं जाम झाली. तसाच नवा बसवला तर तोही चारदोन वर्षांत जाम होणार, म्हणून त्याला साधा, न सरकणाऱ्या पात्यांचा, पण मोठा बसवायचा आहे. ऑगस्टच्या जत्रेत वजन ओढायच्या शर्यतीत उतरायचं खूळही डोक्यात आहेच. मला यातलं ओ की ठो कळत नाही. गाडी भरवशाची हवी, एवढंच. ग्लेनची गाडी वासरांसकट खिंडीच्या उतारावरून दरीत गेली त्याला येत्या ऑक्टोबरात चार वर्षं होतील, आणि त्याच रस्त्यानं आता माझा मुलगा वासरं आणतो. तो घरी यावा, याशिवाय मला कुठल्याही टर्बोकडून काही नको.

तू त्याला लिही. तुझं तो ऐकतो. फक्त ग्लेनचा आणि खिंडीचा विषय काढू नकोस. विषय निघाला की तो ताटावरून उठतो आणि गोठ्यात जाऊन बसतो. आम्ही घरात बोलतच नाही त्यावर.

सूप गार करून पिऊ नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
आर्डिथ


नेब्रास्का
२० मे २०१६

चि. कोल्टर यास,
डेल्बर्टमामाचे अनेक उ. आ.

तुझ्या आईनं कळवलं की टर्बोनं मान टाकली. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या गळ्यापेक्षा त्याची दुरुस्ती सोपी आहे.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. पंखा जेवढा मोठा तेवढी हवा जास्त, पण तेवढाच तो उठायला आळशी. जत्रेतली पोरं सर्वांत मोठा घेतात, कारण आकडा मोठा दिसतो. मग गाडी चढाला लागते, पंखा अजून जांभया देतोय, इंजिन काळा धूर ओकतंय आणि आतला धातू वितळायला लागलाय. असली इंजिनं मी पुष्कळ उघडली आहेत. आत पिस्टनच्या जागी चीज वितळल्यासारखं काहीतरी सापडतं.

तेव्हा मला तीन गोष्टी कळव. मागे ट्रेलरवर वजन किती असतं? सर्वांत उंच कुठवर चढतोस? आणि चढताना धूर कुठल्या रंगाचा येतो? खरं उत्तर दे, जत्रेतलं नको.

आईला सांभाळ. ती पत्रात हसते तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

तुझा
डेल्बर्टमामा


लूमिस क्रीक
२९ मे २०१६

ती. मामांस,
कोल्टरचा सा. न.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नका. ट्रेलर भरला की वजन सोळा हजार पौंडांच्या आसपास जातं. उन्हाळी कुरण साडेआठ हजार फुटांवर आहे. धूर आधी करडा होता, आता काळाच.

दुकानदार तीन आकार दाखवतो. मला सर्वांत मोठा आवडलाय हे खोटं कशाला सांगू. बिल मॅकेन्नाच्या पोरानं तोच बसवलाय आणि तोंड वर करून फिरतो. पण तुम्ही म्हणाल तो घेईन. चढाबद्दल तुम्ही विचारलंत ते सगळं लिहिलंय. बाकी विचारण्यासारखं तुम्हाला काही वाटलं तर विचारा. नाही वाटलं, तर नसेलच.

आई बरी आहे. तुमच्या पत्राची वाट बघते पण कबूल करत नाही.

आपला
कोल्टर


नेब्रास्का
६ जून २०१६

चि. कोल्टर यास,
अ. उ. आ.

मधला घे. स्थिर पात्यांचा, मधल्या आकाराचा. लवकर उठेल, उंचावर श्वास कमी पडणार नाही, आणि सरकणारं काही नसल्यामुळे जाम व्हायला काही उरणार नाही. जत्रेत तू तिसरा येशील. मॅकेन्नाचा पोरगा पहिला येईल आणि शरद ऋतूत इंजिन बदलेल. तेव्हा त्याच्याकडे बघून हसू नकोस, मनातल्या मनात हस.

बसवताना तेलाची नळी नवी घाल. जुनी पुसून लावायचा मोह सगळ्यांना होतो.

माझी तब्येत बेताची. पण तुझं पत्र आलं की शेजारच्या आयरीनला वाचून दाखवता येत नाही, एवढंच दुःख. ती स्वतःच घेऊन वाचते.

तुझा
मामा


लूमिस क्रीक
१८ सप्टेंबर २०१६

ती. डेल्बर्टदादास,
आर्डिथचा सा. न. वि. वि.

उन्हाळाभर लिहिणं झालं नाही, रागावू नकोस. गवत कापणी, जत्रा, मग माझा गुडघा. रानातल्या चोकचेरीच्या फळांची जेली आयरीनच्या नावानं पाठवली आहे, तुझ्या नावानं पाठवली असती तर तू एका बैठकीत संपवली असतीस.

तुझा टर्बो झकास! कोल्टर जत्रेत तिसरा आला. तू आधीच लिहून ठेवलं होतंस म्हणून त्याला रागही आला आणि हसूही. गाडी चढावर बकरीसारखी जाते, धूर नाही की धाप नाही. तो आता तुझी सगळी वाक्यं मला ऐकवतो, जणू त्यानंच शोधून काढली.

एक गंमत सांगते. ग्लेन गेल्यावर ही गाडी घेतली तेव्हा तिच्यात एक बटण होतं. ते दाबून कोल्टर खिंड उतरायला लागला की गाडी अशी गुरगुरायची की आवाज ओढ्यापलीकडून थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी तेव्हा बटाटे चढवायची. तो हातपाय धुऊन टेबलाशी येईपर्यंत ते बरोबर शिजायचे. तो आवाज म्हणजे माझं घड्याळच होतं म्हण ना. नवा टर्बो बसवल्यापासून गाडी उतरताना अगदी मुकी असते. कोल्टरला विचारलं तर म्हणाला की नवीन आहे, शांत आहे. चांगलंच आहे. पण आता मला खिडकीत उभं राहून रस्ता बघत बसावं लागतं, आणि जेवायला उशीर होतो.

सध्या तो रिकामा ट्रेलर घेऊनच जातो-येतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वासरं भरून आणायची आहेत. ते दिवस मला नको वाटतात, तुला माहीत आहे.

तब्येतीचं खरं खरं लिही. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी
आर्डिथ


नेब्रास्का
२४ सप्टेंबर २०१६

चि. आर्डिथ हिस,
अ. आ.

तुझं पत्र आत्ता वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. गुरगुर करणारा तो टर्बोच होता गं. उतरताना त्याची पाती मिटायची, धूर आत कोंडायचा आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरायचं. तो एक्झॉस्ट ब्रेक होता. स्थिर पात्यांच्या टर्बोत तो नसतो. आता त्या उतारावर त्या पोराला चाकांच्या ब्रेकशिवाय धरणारं काहीही नाही.

मी वजन विचारलं, उंची विचारली, धूर विचारला. उतार विचारला नाही. इथे आमच्याकडे जमीन पोळीसारखी सपाट, जन्मभर मला कुणी उताराची तक्रार घेऊन आलं नाही, हे एक कारण. दुसरं, तू विषय काढू नकोस म्हणालीस आणि मला ते बरंच वाटलं. मलाही काढायचा नव्हता.

आयरीननं तीनदा फोन लावला, तुम्ही बहुतेक कुरणावर आहात. हे पत्र टाकतो आणि लगेच निघतो. धुराच्या नळीत बसणारा वेगळा ब्रेक मिळतो, तो दुकानातून उचलून गाडीत ठेवला आहे. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण काय सांगतील ते माहीत आहे. मी आधी पोचलो तर हे पत्र चुलीत घाल. पत्र आधी पोचलं तर गाडीच्या किल्ल्या लपवून ठेव.

तुझा
दादा


लूमिस क्रीक
१६ ऑक्टोबर २०१६

ती. मामांस,
कोल्टरचा सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप घरी पोचलात हे आयरीनबाईंनी कळवलं. तुम्ही विश्रांती घेत नाही असंही कळवलं. आईला ते सांगितलेलं नाही.

तुम्ही आलात त्या दिवशीचं मला लिहायचं आहे, कारण तेव्हा माझ्याच्यानं धड बोलवलं नाही. तुम्ही गाडीतून उतरलात, आईच्या गळ्यात पडलात, आणि कॉफीसुद्धा न घेता मला शेडमध्ये घेऊन आलात. मला वाटलं, आता कानउघाडणी. तुम्ही खिशातून पोरांची असते तसली छोटी पाटी काढलीत आणि एकच ओळ लिहिलीत, की भरलेला ट्रेलर घेऊन खिंड उतरताना काय करणार होतास.

चार वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. खाली गिअर टाकून सावकाश उतरणार होतो, असं मी सांगितलं. मग राहवेना म्हणून बाकीचंही सांगितलं. बटण गेलंय हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमच्याही लक्षात असणार असं मी धरून चाललो, आणि तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सुटल्यासारखं वाटलं. गुरांच्या खाद्याच्या दुकानात लोक अजून म्हणतात की ग्लेननं घाई केली, गिअर न टाकता नुसता ब्रेक दाबून धरला. मला बघायचं होतं. बाबांसारखंच, मागे धरणारं काही नसताना तेवढंच वजन घेऊन उतरायचं, आणि सावकाश उतरलं तर माणूस खाली पोचतो का ते बघायचं. पोचलो असतो तर चूक बाबांची होती. नसतो पोचलो, तर नव्हती. हे असं लिहिल्यावर किती वेड्यासारखं दिसतं. पण उन्हाळाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तुम्ही पाटी परत हातात घेतलीत. मग लिहिलंत की अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटेच जाऊन ती मोडकी गाडी बघितली होती. गिअर दुसऱ्यात होता. ब्रेकच्या तबकड्या तापून निळ्या पडल्या होत्या, म्हणजे वरपासूनच तो सावकाश उतरत होता. जुनं डिझेल इंजिन गिअरमध्ये ठेवलं तरी उतारावर फारसं धरत नाही. ग्लेननं सगळं बरोबर केलं होतं, त्याच्या गाडीत धरणारं काही नव्हतं. पाटी भरली तेव्हा तुम्ही बाहीनं पुसलीत आणि शेवटचं लिहिलंत, की कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, आणि हे फार वाईट झालं.

ती पाटी तुम्ही विसरून गेलात. मी ती पुसलेली नाही. आईनं वाचली. त्या दिवशी जेवताना तिनं बाबांचं नाव घेतलं, बटाट्यात त्यांना मीठ कमी लागायचं म्हणून. मी ताटावरून उठलो नाही.

काल वासरं आणली. खिंडीच्या माथ्यावर थांबलो, तुम्ही बसवलेल्या ब्रेकचं बटण दाबलं आणि निघालो. आवाज पहिल्यापेक्षा जाडा आहे, तुम्ही बोलायचात तसा. मामा, ती गाडी उतारावर जागच्या जागी धरल्यासारखी आली. बाबांच्या वळणावर माझा पाय ब्रेकच्या पेडलवर नव्हता. टोपी काढावीशी वाटली, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग त्यांना तोंडानंच सांगितलं की तुमचं काही चुकलं नव्हतं. मोठ्यानं सांगितलं. गुरगुरीत माझं मलाही ऐकू आलं नाही.

अंगणात शिरताना सवयीनं खिडकीकडे बघितलं. उन्हाळाभर ती तिथेच उभी असायची. काल खिडकीत कुणी नव्हतं. ती चुलीशी दाराकडे पाठ करून उभी होती, आणि मागे न बघताच म्हणाली की हात धुऊन घे, बटाटे झालेत.

आता तुम्ही अंथरुणातून उठू नका. माझी पत्रं येत राहतील. मी काही विचारायचं विसरलो तर तुम्ही विचारा, आणि माया कमी करू नका.

आपला
कोल्टर